लाठी धरताना अंगठा नक्की कुठे ठेवायचा?

रातपाळी:
नाशिकला एका सोसायटीत सहा वर्षं रात्रीचा वॉचमन आहे. लाठी हातात दिली, धरायची कशी ते कुणी सांगितलं नाही. गेल्या महिन्यापासून मुलीबरोबर मीही लाठीकाठीच्या वर्गाला जातोय. ती नऊ वर्षांची, तिची काठी सरसर फिरते. माझी दर चार फेऱ्यांना निसटते. काल जोडीदाराचा वार अडवला तर अंगठ्यात कळ गेली, रात्री टॉर्च धरवेना. मी अंगठा काठीवर सरळ टेकवतो. चुकतंय का?

तालमीतला:
तिथंच चुकतंय. मी कोल्हापूरचा, मर्दानी खेळात वीस वर्षं झाली. अंगठा सरळ ठेवला की सगळा धक्का त्याच्या सांध्यात जातो. तो वळवून मधल्या बोटावर आणा, मूठ बंद झाली पाहिजे. पण आवळू नका! भार करंगळी आणि अनामिकेवर, तर्जनी सैल. आवळायचं ते फक्त वार लागतो त्या क्षणी. दांडपट्ट्याच्या लोखंडी मुठीत हात कोपरापर्यंत जातो, मनगट वळतच नाही. लाठीचं उलट, सगळा खेळ मनगटाचा. ते आखडलं की काठी निसटते, मग आपण आणखी आवळतो.

आणि डोक्यावरचा वार अडवताना दोन्ही हात बुंध्याकडे, डोक्याच्या वर. शेंडा खाली उतरता. वार शेंड्याकडे घसरून जातो, बोटं वाचतात. काठी आडवी धरलीत तर तो सरळ बोटांवर येतो.

वेळूवाला:
काठीची जाडी बघितली का? मुठीत धरल्यावर बोटांची टोकं तळव्याला टेकायला आली पाहिजेत. फारच अंतर राहत असेल तर काठी बदला, हाताला दोष देऊ नका. पेरं कानशीनं घासून घ्या, फोड तिथंच येतात. वर जवसाचं तेल. वार्निश नको, घामानं सटकतं.

रातपाळी:
काठी जाडच निघाली. वर्गातली बारीक मागून आणली. रात्री दोनचा राऊंड झाल्यावर गेटमागे अर्धा तास फिरवली, एकदाच पडली. अंगठा मात्र सवयीनं परत वर चढतो.

तालमीतला:
तर्जनी पूर्ण उघडी ठेवून फिरवा, रोज दहा मिनिटं. आधी डाव्या हातानं. त्या हाताला जुनी सवय नसते.