सान्सनं स्वतःला 'ओइरा' म्हणावं का?

पिक्सेलपंत
पुण्यात जपानी शिकतोय. एन-थ्री या जपानी भाषेच्या परीक्षेच्या तयारीसाठी 'अंडरटेल' जपानीत खेळायला घेतला आणि एका जुन्या भांडणात अडकलो.

टोबी फॉक्सचा हा इंडी, म्हणजे मोठ्या कंपनीविना केलेला, गेम २०१५चा. अधिकृत जपानी आवृत्ती ऑगस्ट २०१७मध्ये आली, भाषांतर टोकियोच्या 'एट-फोर' कंपनीचं. त्याआधी चाहत्यांनी केलेलं फुकट भाषांतर तिथे खेळलं जात होतं. त्यात सान्स हा आळशी, कोट्या करणारा सांगाडा स्वतःला 'ओरे' म्हणायचा. अधिकृत आवृत्तीत 'ओइरा' म्हणू लागला आणि चाहते भडकले. दोन्हींचा अर्थ 'मी'च. पण 'ओरे' रांगडा, 'ओइरा' गावाकडचा, जरा पोरकट.

माझ्या मते कंपनी चुकली. पात्राचा आवाज एकदा कानात बसला की करारपत्र दाखवून तो बदलता येत नाही.

आडवंउभं
असहमत. आधी आलं म्हणून बरोबर, हा कुठला न्याय? 'ओइरा'मुळे सान्स निरुपद्रवी वाटतो, आणि तसंच वाटायला हवं. का, ते सांगत नाही, अजून खेळायचं असेल कुणाला.
शिवाय बाकीचं काम बघा. सान्स आणि त्याचा भाऊ पपायरस ही फॉन्टची नावं. इंग्रजीत दोघे आपापल्या फॉन्टमध्ये बोलतात. जपानी लिपीत ती गंमत मरते. म्हणून पपायरसचे संवाद उभ्या ओळींत घेतले! याला म्हणतात डोकं.

जुना खेळिया
उभ्या ओळी मान्य. पण चाहत्यांना हिणवू नका. दाइसुके आमायानं पाच वर्षं एकट्यानं खपून 'केव्ह स्टोरी' केला, २००४मध्ये फुकट वाटला. 'एऑन जेनेसिस' या हौशी गटानं तो इंग्रजीत आणला. वीवेअर या निन्टेंडोच्या ऑनलाइन दुकानातली विकत आवृत्ती आली २०१०ला. वाट कुणी पाडली?

आडवंउभं
हौसेनं वाट पडते, घरभाडं निघत नाही. 'रेसेटिअर' २००७च्या कोमिकेटमध्ये, म्हणजे टोकियोतल्या हौशी निर्मात्यांच्या जत्रेत, विकला गेलेला हौशी मंडळींचा गेम. 'कार्पे फल्गर' या चिमुकल्या कंपनीनं इंग्रजी करून २०१०मध्ये स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात आणला, लाखावर प्रती खपल्या. भाषांतर करणारेच प्रकाशक. वाक्य फसलं तर खिशाला चाट, म्हणून एकेक संवाद घासूनपुसून घेतलेला.

सबटायटलवाली
पंतांशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). एका मालिकेचे पहिले दहा भाग मी मराठीत केले, त्यात बायको नवऱ्याला 'अहो' म्हणायची. पुढचे भाग दुसऱ्याकडे गेले, तिथे 'अरे' झालं. इंग्रजीत दोन्हीकडे नुसतं 'यू'. आईनं विचारलं, "यांचं मध्येच काय बिनसलं गं?"

आडवंउभं
पण 'अरे'च बरोबर असेल तर? मग फक्त तुम्ही आधी पोचलात म्हणून जन्मभर 'अहो'?

सबटायटलवाली
...'अरे'च शोभत होतं, खरं सांगायचं तर. पण मग पहिले दहा भागही बदलायचे होते ना!

पिक्सेलपंत
काल रात्री गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. सान्सच्या कोट्यांना तासाभरात चारदा हसलो, हे कबूल. मत बदललेलं नाही. पडद्यावर 'ओइरा' येतं आणि मी मनात 'ओरे' वाचतो.