मदत हवी आहे: ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क बदलू की लेथवर मारून (घासून सपाट करून) घेऊ?

मंडळी, जाणकारांनी जरा मार्गदर्शन करा.

गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम. रनिंग सत्तर हजारांच्या पुढे. गावात फिरवताना काहीच जाणवत नाही. हायवेला ऐंशी-नव्वदला ब्रेक लावला की स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं आणि वेग चाळीसच्या खाली आला की आपोआप थांबतं. ब्रेक न लावता शंभरने पळवली तरी काही तक्रार नाही. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे आलो की मात्र इतकी हादरते की बायको म्हणते, विकून टाका एकदाची.

अलाइनमेंट, बॅलन्सिंग झालं. पॅड नवे टाकले, थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. सर्व्हिस सेंटरवाले दोन्ही डिस्क, पॅड आणि वर लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) बदला म्हणतात. आमचा नेहमीचा मेकॅनिक म्हणतो डिस्क बेंड झाल्यात, लेथवर फेस मारून आणतो, पावपट पैशांत काम होईल. कोणाचं ऐकू?

घाटवेडा:
स्टिअरिंग थरथरतं म्हणजे बहुधा पुढच्या डिस्क. मागचा ड्रम वाकडा असेल तर हादरा सीटखाली आणि पेडलला येतो. हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो, म्हणून खात्री करायची तर मोकळा सरळ रस्ता बघा, मागे कोणी नको. चाळीसच्या आसपास हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवा आणि हळूहळू ओढा. हादरली तर मागचे ड्रम काढून बघा. आणि जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली कडकड होते ती एबीएसची (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), तिला घाबरू नका.

धागाकर्ता:
केलं. हँडब्रेकवर एकदम गुळगुळीत थांबते.

जुना टर्नर:
मग पुढचंच. पण डिस्क ‘बेंड’ झाली हे गॅरेजमधलं सोयीचं उत्तर आहे. बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका फरकही हाताला कळतो. नव्वदच्या वेगाला चाक सेकंदाला चौदाएक फेरे घेतं. जाड भाग पॅडखालून गेला की ब्रेक धरतो, पातळ गेला की सोडतो, तेच तुमच्या हातात येतं.

आता जाडी बिघडली कशामुळे हे आधी शोधा, डिस्कचं नंतर. हबच्या (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) तोंडावर गंज असेल तर डिस्क किंचित तिरकी बसते आणि ब्रेक लावलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्याला पॅडला त्याच जागी घासते. काही हजार किलोमीटरनंतर ती जागा पातळ होते. अशा हबवर कोरी डिस्क चढवली तरी थोड्या महिन्यांनी तुम्ही इथेच नवा धागा काढाल. दुसरं कारण कॅलिपरची, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची, सरकती पिन. ती जाम झाली की पॅड मागे सरकत नाही, डिस्क तापत राहते. तिसरं म्हणजे घाट उतरून लालबुंद तापलेला ब्रेक दाबून तसंच उभं राहणं. पॅडचा माल त्या जागी डिस्कला चिकटतो. फार तापलं तर तिथलं बीडच (डिस्कचं ओतीव लोखंड) कडक होतं, मग लेथवर मारूनही ती जागा पुन्हा वर येते. घाटात दुसऱ्या गिअरवर उतरा, ब्रेक थोडा लावा, सोडा.

मेकॅनिकला डायल गेज (बारीक हेलकावा काट्यावर दाखवणारं मापक) लावायला सांगा. चाक काढल्यावर नट वॉशर घालून पुन्हा आवळायचे, म्हणजे डिस्क हबला घट्ट बसते. बाहेरच्या कडेपासून सेंटिमीटरभर आत गेजचं टोक टेकवून डिस्क हाताने फिरवायची. काटा ०.०५ मिमीच्या आत हलला तर उत्तम, ०.१ च्या वर गेला तर दोष सापडला. मग वर आलेल्या जागी खडूची खूण करून डिस्क एक बोल्ट पुढे सरकवून बसवा. उंचवटा खुणेबरोबर सरकला तर दोष डिस्कचा. हबच्या मूळ जागीच राहिला तर दोष हबचा.

रोजचा_हायवे:
काका, एवढं डायल गेज घेऊन बसणारा मेकॅनिक आमच्याकडे मिळाला तर मी त्याला जेवायला बोलवीन. सरळ डिस्क-पॅड बदला आणि मोकळे व्हा. लोअर आर्मचं मात्र टॉमी (पहार) लावून बघा, बुश (सांध्यातलं रबर) ढिला असला तर थरथर वाढते. पण मुळात उठते ती डिस्कमधूनच, नुसता आर्म बदलून काही व्हायचं नाही.

धागाकर्ता:
गेज एका लेथवाल्याकडे मिळालं. डावीकडे काटा ०.१२ पर्यंत गेला, उजवीकडे ठीक. डिस्क सरकवली तरी उंचवटा हबच्या जागीच! डिस्क काढली तर हबवर गंजाचे पापुद्रे, खालची पिन हाताने हलेना. हब वायर ब्रशने घासला, पिन साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं, तिचं फाटलेलं रबर बदललं. गेज आता ०.०४ दाखवतं. डिस्क मारून घेऊ का बदलू?

जुना टर्नर:
किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. मारल्यावर तिच्या वर किती उरते बघा. जेमतेम उरत असेल तर नव्या घ्या, आणि दोन्ही बाजूंच्या एकदम. पॅड ग्लेझ (तापून काचेसारखे गुळगुळीत) झाले असतील तर तेही. नंतर पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसावेत म्हणून साठवरून दहापर्यंत मध्यम ब्रेक लावत, पूर्ण न थांबता, दहा-बारा वेळा करा. मग थोडी मोकळी चालवून गार होऊ द्या.

धागाकर्ता:
किमानपेक्षा जेमतेमच जास्त होती, म्हणून नव्या टाकल्या. लोअर आर्मचे बुश ठणठणीत निघाले, तो खर्च वाचला. कालच हायवेला नेली, हात सोडला तरी स्टिअरिंग जागचं हलत नाही. एकच शंका, पंक्चरवाला गनने नट आवळतो, त्याने पुन्हा काही होईल का?

जुना टर्नर:
होतं, वेडेवाकडे आवळले तर डिस्क ताणली जाते. गनने नुसते टेकवायला सांगा. शेवटचा ताण टॉर्क पान्याने (ठरवलेल्या आकड्याइतकंच आवळता येणारा पाना) द्या, समोरासमोरचे नट आळीपाळीने. आकडा गाडीच्या पुस्तकात आहे, छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर असतो.