प्रेस शॉपमधली सेफ्टी नेटवर्कला जोडावी का? माझं मत: सक्तीच करावी

भोसरी_मेंटेनन्स

मी भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे दाबयंत्रांवर पत्र्याचे भाग काढणाऱ्या कारखान्यात, मेंटेनन्स बघतो. गेल्या महिन्यात आमच्या 12 प्रेसचे लाईट कर्टन (किरणांचा पडदा, हात आत गेला की मशीन थांबवणारा), दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं आणि गार्डचे इंटरलॉक (गार्ड उघडं असेल तर मशीन चालू न देणारे स्विच) एका नेटवर्कवर आणले. कुठलं गार्ड उघडं आहे, कुठे सेफ्टी तात्पुरती बंद करायची बायपासची चावी फिरवली आणि किती वेळ, हे शॉपच्या मध्यभागी टांगलेल्या स्क्रीनवर दिसतं. यावरून आमच्यात दोन तट पडलेत. माझं म्हणणं, हे सगळ्याच प्रेस शॉपना सक्तीचं व्हावं.

3 वर्षांपूर्वी, आधीच्या कंपनीत, रात्रपाळीला एका पोराचा उजवा अंगठा गेला. मी पोचलो तेव्हा तो हात छातीशी धरून खाली बसला होता आणि हातमोजा डायमध्येच, म्हणजे प्रेसच्या साच्यातच, होता. सकाळी पॅनेल उघडलं तर मशीन थांबवणाऱ्या सेफ्टी रिलेच्या टर्मिनलवर बोटभर लाल वायर. जंपर, म्हणजे कर्टनला वगळून केलेली थेट जोडणी. तिच्यावर धूळ बसली होती, म्हणजे कित्येक दिवस कर्टन नुसता दिवे लावून उभा होता. चेकलिस्टवर रोज 'कर्टन ओके'. त्यातल्या काही सह्या माझ्या आहेत.

नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तक्त्यात अंगठा म्हणजे 30 टक्के अपंगत्व. कर्टनचे किरण तुटलेले (हात आत) असताना रॅम, म्हणजे प्रेसचा वरून येणारा दाबाचा भाग, खाली आला, एवढी एक नोंद जरी पहिल्याच दिवशी स्क्रीनवर आली असती, तरी तो जंपर त्याच पाळीत सापडला असता.

रात्रपाळी_चाकण

दादा, त्या पोराचं वाचून वाईट वाटलं. पण सक्तीला माझा विरोध आहे.

आमच्याकडे अशीच सिस्टीम बसली. पंधरवड्यातच 'कर्टन किती वेळा तुटला' याची माणसागणिक यादी निघायला लागली. एका हेल्परचा आकडा सगळ्यांत मोठा, म्हणून त्याला ऑफिसात बोलावून झापलं. त्याच्या मशीनवर जॉब बाहेर ढकलणाऱ्या एजेक्टरची स्प्रिंग ढिली पडली होती. जॉब डायला चिकटायचा, दर वेळी हातानं काढावा लागायचा. स्प्रिंग बदलली नाही, पोरगा बदलला. कंत्राटी होता, ठेकेदाराला फोन केला की झालं.

आणि पॅनेलची किल्ली ऑपरेटरकडे नसते. जंपर टाकायला स्क्रूड्रायव्हर घेऊन कोण येतं आणि कोणाच्या सांगण्यावरून, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

छोटा_व्हेंडर

माझ्याकडे 6 प्रेस, सगळ्या जुन्या, की-क्लचच्या. पेडल दाबलं की क्लच फ्लायव्हीलला गुंततो आणि फेरा पूर्ण झाल्याशिवाय रॅम थांबत नाही. अशा मशीनला कर्टन लावला तरी तो थांबवणार काय? तुमची सक्ती आली तर लोक हेच करतील: न थांबणाऱ्या प्रेसवर कर्टन, त्याला नेटवर्क, वर सर्टिफिकेट.

मी त्या पैशात डायभोवती पक्कं गार्ड आणि घसरपट्टीचं फीडिंग केलं. हात आत जायची जागाच ठेवली नाही. पुढे जमेल तसं एकेका मशीनला न्यूमॅटिक (हवेवर चालणारा, मध्येच थांबवता येणारा) क्लच-ब्रेक बसवायचा आहे. वरच्या कंपन्या दरवर्षी पीसमागे दर पाडून मागतात, त्यात हे बसवावं लागतं, तेही कुणीतरी बोला.

पीएलसीवाला

छोटा व्हेंडर यांचा क्लचचा मुद्दा शंभर टक्के बरोबर.

एक गोष्ट आधी. मशीन थांबवायचा निर्णय स्क्रीनवाल्या नेटवर्कवर कधीच सोपवू नका. तो मशीनवरच्या सेफ्टी रिलेनं घ्यायचा. नेटवर्कनं फक्त वाचायचं, लिहायचं नाही. 2017 साली सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात थेट सेफ्टी कंट्रोलरमध्येच मालवेअर घुसवलं होतं.

पण नेटवर्कचा खरा उपयोग इथे कुणी मांडलाच नाही. सेफ्टीच्या मानकात हाताचा वेग सेकंदाला 2 मीटर धरतात. प्रेस थांबायला 0.18 सेकंद लागत असेल, तर बारीक किरणांचा कर्टनसुद्धा डायपासून निदान 36 सेंटीमीटर लांब हवा. ब्रेकचे लायनर झिजले आणि वेळ 0.24 झाली, की 48 लागतात. कर्टन मात्र जुन्याच जागी बोल्ट केलेला. सगळं चालू, जंपर नाही, दिवे हिरवे, आणि तरी हात रॅमच्या आधी पोचतो. हे डोळ्याला दिसत नाही, चेकलिस्टला तर नाहीच. थांबायची वेळ सतत मोजत राहिलं तरच कळतं.

भोसरी_मेंटेनन्स

रात्रपाळी, तुमचं शेवटचं वाक्य लागलं. आणि ते खरं आहे.

छोटा व्हेंडर, की-क्लचपुरती माझी चूक मान्य, तिथे आधी क्लच किंवा पक्कं गार्ड. पण सक्तीवर मी ठाम आहे. 1948 च्या कारखाना कायद्यापासून पद्धत अशी की माणूस 48 तास कामावर येऊ शकला नाही, तर अपघात कळवायचा. थोडक्यात वाचलेला हात कुठेच लिहिला जात नाही. तो लिहिणारं दुसरं काही माझ्या नजरेत नाही. स्क्रीनवर फक्त मशीन नंबर ठेवू, नावं काढू.

रात्रपाळी_चाकण

नावं काढून काय होणार? 7 नंबरवर रात्री 11 ते 7 कोण होता, ते मस्टरवर आहेच. या नोंदीवरून कुणाची हजेरी, पगार, कंत्राट हलणार नाही असं लेखी द्या, आणि नोंद आधी कामगारांच्या प्रतिनिधीला दिसू द्या. मग मीच सक्ती मागायला तुमच्याबरोबर येतो. तोवर नाही.

भोसरी_मेंटेनन्स

लेखी देणं माझ्या हातात नाही, पण सोमवारी मॅनेजरसमोर तुमच्याच शब्दांत मांडतो.

पीएलसीवाल्यांचं वाचून आज दुपारी 7 नंबरची थांबायची वेळ मोजली. 0.23 आली. कर्टन 38 सेंटीमीटरवर आहे, 46 हवा. मशीन बंद करून टॅग लावलाय. प्रॉडक्शनवाले आतापर्यंत दोनदा विचारून गेले.