चॅनेल कमी केले, तरी केबलचं बिल तेवढंच?

आईला सह्याद्री आणि तीन मराठी चॅनेल पुरतात. बाकी सगळे काढायला लावले, तर केबलवाला म्हणतो, ‘ताई, एवढं तर द्यावंच लागेल.’ मग २०१९ मध्ये ट्रायनं (दूरसंचार-केबलवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं) ‘हवं तेच निवडा’ म्हटलं ते कशाला?

– चॅनेलच्या दराखेरीज नेटवर्क शुल्क, म्हणजे चॅनेल घरापर्यंत पोचवण्याचे पैसे, असतंच. त्याला १३० रुपयांची मर्यादा होती, वर १८ टक्के जीएसटी. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं ती मर्यादाच उठवली. छापील दरपत्रक मागा.

– डीडी फ्री डिश लावा. डबा-छत्रीचा खर्च एकदाच, महिन्याचं बिल नाही. आईंच्या मालिका तिथे लागतात का, ते मात्र आधी बघा.

– छत्री? आमच्या सोसायटीत गच्चीवर पापड घालायलाही सेक्रेटरींची परवानगी लागते! दरपत्रकच मागते.