रॉबिनची काचेची पेटी

घारापुरी:
भाचा दहावीची परीक्षा संपवून आमच्याकडे राहायला आलाय आणि दिवसभर बॅटमॅन वाचतोय. परवा मी पोळ्या लाटत असताना स्वयंपाकघरात येऊन विचारतो, "मावशी, जेसनचा ड्रेस काचेच्या पेटीत ठेवलाय. मग स्टेफनीचा कुठाय?"

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: बॅटमॅनचा जोडीदार तो रॉबिन. एक गेला की दुसरा त्या जागी येतो. दुसरा रॉबिन जेसन टॉड १९८८ मध्ये जोकरच्या हातून मेला. बॅटमॅनने त्याचा पोशाख आपल्या गुहेत काचेच्या पेटीत उभा केला, आणि पुढे कित्येक वर्षं गुहेचं चित्र म्हटलं की पेटी आलीच. २००४ मध्ये स्टेफनी ब्राउन ही मुलगी रॉबिन झाली. जेमतेम काही अंकांत बॅटमॅनने तिला काढून टाकलं, आणि लगेचच ब्लॅक मास्क नावाच्या खलनायकाने ड्रिल मशीनने तिचे हाल केले. तीही गेली. पेटी नाही.

वाचकांनी विचारलं. काही जणींनी तर या एका पेटीसाठी रीतसर मोहीम काढली. बॅटमॅन काढणाऱ्या डीसी कंपनीकडून आलेल्या उत्तराचा मथितार्थ: ती खरी रॉबिन नव्हतीच. मग २००८ मध्ये निघालं की ती मेलीच नव्हती, आणि बॅटमॅन महाशय म्हणाले, मला संशय होताच, म्हणून तर स्मारक केलं नाही! (टाकी का साफ केली नाही याला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी असंच उत्तर देतात.)

बायकांची पात्रं मारूच नका असं माझं म्हणणं नाही. मेल्यावर ती गोष्ट कुणाची होते ते बघा. जेसन पेटीतून का होईना, कथेत राहिला. स्टेफनीचं नावही कुणी घेईना. भाच्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

खारेदाणे:
पॉपकॉर्न संपायच्या आत विरोधी बाजू मांडतो. सुपरहिरोंच्या जगात कोण मरत नाही हो? १९९२ मध्ये खुद्द सुपरमॅन मेला. आणि ज्या जेसनचं एवढं चाललंय, त्याला तर वाचकांनी फोन करून मारलं. जगवायचा की मारायचा, यासाठी दोन नंबर दिले होते. ५,३४३ विरुद्ध ५,२७१ मतांनी पोरगा गेला. ७२ मतं! आमच्या वॉर्डात नगरसेवकसुद्धा याहून जास्त फरकाने पडतो. एखाद्या मुलीच्या पात्राचं असं मतदान घेतलं असतं तर केवढा गहजब झाला असता. वाचक मुलगे होते, मुलग्यांना मारामारी लागते, खपतं ते छापतात. यात बायकांवर डूख वगैरे काही नाही.

रेवा_७:
खारेदाणे, सुपरमॅन किती दिवस मेला? १९९३ मध्ये परत हजर. जेसन २००५ मध्ये परत, तोही रेड हूड होऊन, थाटात.

बायकांची पात्रं अशी संपवण्याला तिकडे 'फ्रिज' म्हणतात. १९९४ च्या ग्रीन लँटर्नच्या ५४ व्या अंकात नायक काइल रेनर घरी येतो, तर त्याची मैत्रीण अलेक्झांड्रा फ्रिजमध्ये कोंबलेली. का मारली? त्याला राग यायला हवा होता. १९९९ मध्ये गेल सिमोनने अशा पात्रांची यादी करून नेटवर टाकली: मेलेल्या, अपंग झालेल्या, बलात्कार झालेल्या, शक्ती गमावलेल्या. तेव्हा ती केस कापायचं काम करायची, लेखिका नंतर झाली. कॉमिक लिहिणाऱ्या-काढणाऱ्यांनाच तिने यादी पाठवून मत विचारलं. काहींनी अगदी तुमचंच वाक्य ऐकवलं, पुरुषही मरतात. त्यावरचं उत्तरही तिथेच आहे: मरतात, पण परत येतात तेव्हा होते तसे येतात. बायका आल्याच तर मोडून येतात.

खारेदाणे:
मोडून येतात म्हणता, तर बॅटगर्ल बार्बरा गॉर्डन घ्या. १९८८ च्या 'द किलिंग जोक'मध्ये जोकरने तिला गोळी घातली, पाय गेले. पण त्यातूनच ओरॅकल जन्माला आली! चाकाच्या खुर्चीत बसून अख्ख्या शहराच्या हिरोंना वाटा दाखवणारी. साधी बॅटगर्ल राहिली असती तर तिला कुणी एवढं मानलं असतं का?

घारापुरी:
घाटात दरड कोसळली, मग ढिगारा उपसताना रस्ता रुंद केला. श्रेय दरडीला द्यायचं?

ओरॅकल 'द किलिंग जोक'मध्ये नाहीच. त्या पुस्तकात बार्बरा दारात येते, गोळी खाते, तिचे कपडे काढून फोटो घेतले जातात, आणि ते फोटो दाखवायचे असतात तिच्या वडिलांना. पुढची गोष्ट वडील, बॅटमॅन आणि जोकर या तिघांची. बार्बराला तिथून उचललं किम येल आणि तिचा नवरा जॉन ऑस्ट्रँडर यांनी, १९८९ मध्ये, 'सुइसाइड स्क्वॉड'मध्ये. हे तिच्याबाबतीत बरोबर झालं नाही असं त्यांना वाटलं म्हणून. गोळी घालणारे वेगळे आणि दवाखान्यात नेणारे वेगळे.

माजी_जर्सीकर:
'खपतं ते छापतात' यावर थोडं बोलतो. न्यू जर्सीत असताना अकरा वर्षं दर बुधवारी कॉमिकच्या दुकानात जायचो. नवे अंक बुधवारी यायचे.

१९७० च्या दशकापासून अमेरिकेत कॉमिकं पेपरच्या स्टॉलवरून हळूहळू खास दुकानांत गेली. तिथला व्यवहार असा, की माल सहसा परत घेत नाहीत. दुकानदार दोनेक महिने आधी ऑर्डर देणार, न खपलेला गठ्ठा त्याच्याच बोकांडी. मग तो ओळखीच्या गिऱ्हाइकाला लागेल तेवढंच मागवतो. ओळखीचं गिऱ्हाईक म्हणजे माझ्यासारखे बाप्ये. आणि आपण खपाचा आकडा म्हणून जो वाचतो, तो बहुतेक वेळा या ऑर्डरींचा असतो. वाचणारीने अंक हातात घ्यायच्या आधीच निकाल लागलेला.

माझी बायको एकदा एकटी त्या दुकानात गेली, तर गल्ल्यावरचा म्हणाला, नवऱ्यासाठी हवंय का? परत गेली नाही. कमला खानच्या 'मिस मार्व्हल'चे खंड तिने साध्या पुस्तकांच्या दुकानातून घेतले. ते त्या आकड्यात नाहीत.

मुली कॉमिक वाचत नाहीत हेही नंतरचं खूळ. १९४७ मध्ये जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी 'यंग रोमान्स' काढलं आणि त्यामागे प्रेमकथांच्या कॉमिकांची रांग लागली. त्या कोण वाचत होतं?

पन्नाशीतला_वेताळ:
इंद्रजाल कॉमिक्समधली आमची डायना पामर संयुक्त राष्ट्रसंघात नोकरीला होती, पोहण्यात पटाईत होती आणि वेताळाला (म्हणजे फँटमला) लग्नासाठी वर्षानुवर्षं थांबायला लावलंन. एवढंच सांगायचं होतं. चालू द्या.

मिरची_ठेचा:
मी बाई आहे आणि माझं मत वेगळं आहे, तेव्हा दोन्हीकडून जोडे येणार.

२०१४ मध्ये स्पायडर-वुमनचं मिलो मनाराने काढलेलं मुखपृष्ठ आलं, तेव्हा तिची बसायची पद्धत बघून केवढा दंगा झाला. मला ते चित्र आवडतं. कुणी काय काढावं याची यादी करणाऱ्यांची भीती वाटते. १९५४ ची कॉमिक्स कोड नावाची आचारसंहिता काढून बघा. बायकांचे अवयव फुगवून काढायचे नाहीत, वास्तव काढायचे, हे कलम त्यात होतं! मिळालं काय? १९५६ मध्ये बॅटवुमन आली, पर्समध्ये लिपस्टिक-पावडरची हत्यारं घेऊन, बॅटमॅनच्या मागे मागे. सभ्य कपड्यातली बिनडोक बाई.

माझी तक्रार चित्रांतल्या नाही, हाडामांसाच्या माणसांबद्दल आहे. कॉमिकवाल्यांच्या एका मेळाव्यात जोकरची साथीदार हार्ली क्विन होऊन गेले होते. फोटो काढायचा म्हणून तीन जणांनी न विचारता कमरेत हात घातला. एकाला हटकलं तर म्हणे, असा वेश केल्यावर काय? न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये २०१४ पासून 'वेश म्हणजे संमती नव्हे' अशा पाट्या लावतात. पाटी लावायची वेळ यावी यातच सगळं आलं.

रेवा_७:
ठेचाताई, मुखपृष्ठाबद्दल पटलं नाही, कोडबद्दल पटलं.

पण चित्राबद्दल नुसतं बोललं तरी काय होतं ते बघा. त्याच २०१४ मध्ये जनेल ॲसलिन या माजी संपादिकेने 'टीन टायटन्स'च्या एका मुखपृष्ठावर टीका लिहिली, की सोळा-सतरा वर्षांच्या मुलीची छाती अशी नसते. तिला बलात्काराच्या धमक्या आल्या. तेव्हा ती कॉमिकच्या जगातल्या लैंगिक छळाची पाहणी करत होती. त्या पाहणीच्या फॉर्ममध्येच लोक धमक्या लिहून गेले. २०१६ मध्ये 'मॉकिंगबर्ड' या कॉमिकच्या शेवटच्या अंकावर नायिकेच्या टी-शर्टवर स्त्रीवादाची एक ओळ होती. लेखिका चेल्सी केन ट्विटर सोडून गेली. २०१७ मध्ये मार्व्हलमधल्या काही जणींनी एकत्र मिल्कशेक पितानाचा फोटो टाकला, त्यावरूनही शिव्या. मिल्कशेक!

खारेदाणे:
धमक्या देणाऱ्यांची बाजू मी घेत नाही, ते नालायकच. पण सगळ्या नाराज वाचकांना त्यांच्या पंगतीला बसवू नका. लहानपणापासून वाचलेला थॉर २०१४ मध्ये अचानक बाजूला, आणि त्याचं नाव जेन फॉस्टरला. मला बाईचं वावडं नाही, उसन्या नावाचं आहे. नवं पात्र काढा की! वंडर वुमन १९४१ पासून स्वतःच्या नावावर उभी आहे.

माजी_जर्सीकर:
हा मुद्दा खरा आहे. फक्त जेसनही दुसऱ्याच्याच नावावर रॉबिन होता, त्याची पेटी झाली. आणि वंडर वुमनच्या १९४० च्या दशकातल्या बऱ्याच गोष्टी जॉय हमेल या तरुणीने लिहिल्या. अंकावर तिचं नाव नसायचं. पुरस्कार मिळाला २०१८ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर.

घारापुरी:
काल भाच्याला सगळं सांगितलं. त्याने विचारलं, मग स्टेफनीचं स्वतःचं काही आहे का? आहे. २००९ मध्ये ती बॅटगर्ल झाली. लेखक ब्रायन क्यू. मिलर, चोवीस अंक. हसरी, धडपडी, चुका करणारी पोर. २०११ मध्ये डीसीने सगळा डाव नव्याने मांडून ५२ मालिका सुरू केल्या, त्यात ती नव्हतीच. २०१२ मध्ये मिलरने 'स्मॉलव्हिल'च्या कॉमिकमध्ये तिला नाइटविंग या मुखवटाधारी नायिकेच्या रूपात आणायचं ठरवलं, जाहीरही झालं. अंक आला तेव्हा मुखवट्याआड बार्बरा गॉर्डन. स्टेफनी परतायला २०१४ उजाडलं.

खारेदाणे:
नाइटविंगचं हे माहीत नव्हतं. ते चोवीस अंक एकत्र कुठे मिळतात? भाच्याचे वाचून झाले की सांगा, मी ठाण्यातच असतो.