फ्रिजमध्ये ठेवण्याआधी पोट रिकामं हवं
हरमन कासवाला (ही युरोपातली जात) शीतनिद्रेसाठी, म्हणजे हिवाळाभराच्या झोपेसाठी, ते खायचं थांबलं की लगेच फ्रिजमध्ये ठेवावं, असा सल्ला काही जण देतात. फ्रिज ५ अंशांवर हवा हे बरोबर, पण 'लगेच' अजिबात नको. थंडीत पचन थांबतं. आतड्यात राहिलेला पाला तिथेच कुजतो आणि त्यातून कासव दगावू शकतं. पूर्ण वाढलेल्या कासवाचं खाणं ३-४ आठवडे आधी बंद करा, दिवा मात्र चालू ठेवा (ऊब नसेल तर पोट रिकामं होतच नाही), आणि रोज २० मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी हनुवटीच्या खाली राहील इतकंच. शेवटच्या आठवड्यात तापमान हळूहळू उतरवायचं.

झोपेच्या काळात वजनही फार महत्त्वाचं आहे. दर आठवड्याला वजन करा आणि कासवाखाली अंथरलेला कागद कोरडा आहे ना ते बघा. मूत्राशयातलं पाणी हाच त्याचा झोपेतला साठा. कागद ओला दिसला किंवा वजन सुरुवातीपेक्षा १० टक्क्यांनी घटलं, तर त्याच दिवशी उठवून कोमट पाण्यात ठेवा. त्या हिवाळ्यात पुन्हा झोपवू नका. आपल्याकडच्या स्टार कासवाला यातलं काहीच लागू नाही, ते शीतनिद्रा घेत नाही.