बुडालेल्या सहकारी बँकेची मालमत्ता: एकगठ्ठा विकावी की एकेक करून सुट्टी?

जमाखर्च (धागाकर्ता)

सहकारी बँक बुडाली की बातमी ठरलेल्या क्रमाने येते. रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केला, सहकार खात्याने अवसायक (मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) नेमला, ठेव विमा महामंडळाने (डीआयसीजीसी) पाच लाखांपर्यंतच्या ठेवी दिल्या. पुढे बँकेच्या मालमत्तेचे काय झाले हे कोणी विचारत नाही, आणि खरी गळती तिथेच होते.

माझे म्हणणे असे: अवसायकाने 24 महिन्यांत सगळे विकून मोकळे व्हावे. सरकारी रोखे आणि दुसऱ्या बँकांतल्या ठेवी पहिल्या तिमाहीत. सोनेतारण त्यानंतर लगेच, कारण तिजोरी, पहारा आणि विमा यांचा खर्च रोज चालू असतो. स्वतःच्या इमारती ई-लिलावात. आणि थकीत कर्जांचा गठ्ठा एकत्र, मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जे विकत घेऊन वसूल करणारी कंपनी) किंवा जो जास्त देईल त्याला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 105 नुसार अवसायकाला मालमत्ता आणि येणी जाहीर लिलावाने किंवा खाजगी कराराने, अखंड किंवा तुकड्यांनी विकता येतात. अधिकार कागदावर आहे, वापरायची हिंमत नाही.

हिशेब बघा. तारणातला एक गाळा, बाजारभाव 1 कोटी. एकगठ्ठा व्यवहारात समजा 60 लाखच हाती आले. ते 7 टक्क्यांनी पाच वर्षे ठेवले तर 84 लाख होतात. तोच गाळा पाच वर्षे सांभाळला तर रखवालदार महिना 15 हजार धरून 9 लाख, शिवाय मालमत्ता कर, सोसायटीची देणी, वकील. शिवाय बंद गाळ्याचे शटर गंजते, वीज मीटर काढून नेतात, शेजारचा अर्धी भिंत पाडून आत येतो.

पुण्याच्या रुपी सहकारी बँकेवर फेब्रुवारी 2013 मध्ये निर्बंध आले आणि परवाना गेला 2022 मध्ये. या साडेनऊ वर्षांत थकीत कर्जाचा दर्जा सुधारतो असे कोणाला वाटते का?

बोजा_नोंद

हिशेब सुबक आहे, पण एकतर्फी. तुम्ही 60 लाखांवर व्याज लावले आणि गाळ्याची किंमत पाच वर्षे 1 कोटीवर गोठवून ठेवली. ती वर्षाला 4 टक्क्यांनी जरी वाढली तरी 1 कोटी 21 लाख होते. तुमचा सगळा खर्च वजा करूनही सुट्टी विक्री वरचढ ठरते.

दुसरे, 60 लाख 'हाती आले' हे कोणी सांगितले? पुनर्रचना कंपन्यांचा रूढ सौदा 15:85 चा असतो. पंधरा टक्के रोख, बाकी सिक्युरिटी रिसीट. म्हणजे वसुली झाली तर पैसे, नाही तर कागद. चालू बँक तो कागद ताळेबंदात ठेवू शकते. अवसायकाने त्याचे काय करायचे? ठेवीदाराला सिक्युरिटी रिसीट वाटायची? शंभर टक्के रोखीचा सौदा मागा, मग बघा भाव कुठे जातो.

तिसरे, आणि हेच खरे दुखणे. गठ्ठ्याला भाव येत नाही तो गठ्ठा आहे म्हणून नव्हे, फायली अर्धवट आहेत म्हणून. बुडालेल्या बँकेची कर्जफाईल उघडली की काय दिसते? मूळ खरेदीखताऐवजी इंडेक्स टूची (दस्त नोंदणीच्या उताऱ्याची) झेरॉक्स. गहाणखत नोंदवलेले नाही. सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा चढवलेलाच नाही, किंवा चढवला तो एकाच गटावर आणि तारण तीन गटांचे. जामीनदाराची सही आहे, पत्ता वीस वर्षांपूर्वीचा. सेरसाईकडे (तारणांची केंद्रीय नोंदवही) तारणाची नोंदणी नाही. ही शेवटची चूक सगळ्यांत महाग पडते. जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2022 मध्ये सांगितले की सरफेसी कायद्याच्या (बँकांना तारण थेट विकू देणारा कायदा) कलम 26ई चा अग्रहक्क, म्हणजे इतर देण्यांआधी पैसे घेण्याचा हक्क, हवा तर सेरसाईची नोंदणी हवीच. नोंदणी नसेल तर कराची थकबाकी आधी मागायला विक्रीकर खाते दारात उभे.

गठ्ठा घेणारा ही सगळी भोके मोजतो आणि प्रत्येक भोकाचे पैसे कापतो, वर चांगल्या फायलींचेही कापतो. चांगला माल वाईट मालाच्या भावात जातो तो असा. म्हणून आधी सहा महिने फक्त फायली लावा, मग विक्रीचे बोला.

तारणगहाण

सुट्टी विक्रीचे गुणगान करणाऱ्यांसाठी तिची वाट एकदा लिहून ठेवतो. म्हणजे पाच वर्षे कुठे जातात ते कळेल.

सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 खाली वसुली दाखला. मग कलम 156 आणि नियम 107 प्रमाणे मागणी नोटीस, जप्ती, जप्तीची सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर नोंद. मग पॅनेलवरच्या मूल्यांककाचा अहवाल, आणि अपसेट प्राईसचा (लिलावातली किमान किंमत) प्रस्ताव जिल्हा उपनिबंधकांकडे. इथे फाईल बसते. मंजुरी येईपर्यंत मूल्यांकन शिळे होते, की पुन्हा नवा अहवाल. मंजुरीनंतर जाहीरनामा आणि किमान 30 दिवसांची मुदत. लिलावात बोली अंतिम झाली की खरेदीदाराने जागेवर 15 टक्के भरायचे, उरलेले 15 दिवसांत. त्यानंतर 30 दिवस टांगती तलवार: थकबाकीदाराने सगळी बाकी खर्चासह भरली आणि खरेदीदारासाठी खरेदी रकमेच्या 5 टक्के जमा केले तर लिलाव रद्द. प्रक्रियेत ठळक अनियमितता झाल्याचा अर्जही याच मुदतीत.

चांगला खरेदीदार इथेच पळतो. 15 दिवसांत 85 टक्के उभे करायचे म्हणजे गृहकर्ज मंजूर होणे अशक्य. रोख पैसेवाला दलाल तेवढा उरतो, आणि दोनचार दलाल एकमेकांना ओळखतात. अपसेट प्राईसच्या वर पाचदहा हजारांवर बोली थांबते ती उगाच नाही.

सरफेसीच्या नियमांत पहिल्या विक्रीला 30 दिवसांचीच नोटीस आहे, पण 25 टक्के भरल्यावर बाकी 15 दिवसांत, आणि लेखी संमतीने तीन महिन्यांपर्यंत. एवढ्या एका फरकाने बोली लावणाऱ्यांची जात बदलते.

बोजा_नोंद

ही वाट लांब आहे हे मान्य. पण थकबाकीदारालाही ती फुकट अडवता येत नाही. 101 च्या दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण करायचे तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते, कलम 154 (2अ). हे हत्यार गठ्ठा विकल्यावर तुमच्या हातून जाते, ते खरेदीदाराने किमतीत धरलेले असते का?

सातबारा_उतारा

दोघेही गाळे आणि फ्लॅट यांवरच बोलताय. तालुक्याच्या गावातल्या बँकेचे अर्धे तारण शेतजमीन असते, आणि तिथे गठ्ठाही चालत नाही नि ई-लिलावही.

कूळकायद्याच्या कलम 63 मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहसा घेताच येत नाही. म्हणजे पुण्या-मुंबईचा पैसा बाद. उरले आसपासचे शेतकरी. आणि भावकीतल्या माणसाच्या लिलावातल्या जमिनीवर गावात कोण बोली लावतो? जमीन भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम). तो किती आणि कोणी भरायचा हे लिलावाच्या नोटिशीत स्पष्ट नसेल तर खरेदीदार 15 टक्क्यांवर अडकून बसतो आणि मग दावा लावतो. क्षेत्र तुकडेबंदीच्या (जमिनीचे फार लहान तुकडे विकण्यावरची बंदी) मर्यादेखाली असेल तर वेगळीच गंमत.

तीन लिलाव कोरडे गेले की सहकार कायद्याच्या कलम 100 खाली जमीन बँकेच्याच नावावर करून घेता येते. वसुली झाल्यासारखी दिसते, आकडा खात्यातून उतरतो. पण अवसायनातल्या बँकेने शेतजमिनीचे करायचे काय? ऊस लावायचा?

अशा खात्यांवर एकच औषध लागू पडते: एकरकमी परतफेड, म्हणजे सवलत देऊन बाकी एकदम भरून घेणे. ती योग्य क्रमाने द्यावी लागते. आधी जप्तीची नोंद, मग मूल्यांकन, अपसेट प्राईस मंजूर झाली की तिची प्रत थकबाकीदाराच्या हातात, आणि मग सवलतीचा देकार, 30 दिवसांची मुदत घालून. उलट केले, म्हणजे आधी सवलत जाहीर केली, तर तो पुढच्या योजनेची वाट बघत बसतो. तडजोडीला निबंधकांची मंजुरी आधी घेऊन ठेवायची. पैसे आल्यावर मंजुरी मागायला गेलात की लेखापरीक्षणात शेरा पडलाच.

जमाखर्च

शेतजमिनीचा मुद्दा मी धरला नव्हता, चूक कबूल. ती खाती गठ्ठ्यातून बाहेर काढू. पण बोजा_नोंद यांच्या 'आधी सहा महिने फायली लावा' ला माझा ठाम विरोध. फायली लावणार कोण? परवाना गेला की चांगली माणसे पहिल्या महिन्यात जातात. कोणत्या कर्जदाराची दुसरी जमीन कुठे आहे हे ज्या वसुली कारकुनाला माहीत असते, तो गेला की ती फाईल मेली. अवसायक म्हणजे बहुधा खात्याचा अधिकारी, अतिरिक्त कार्यभार, आठवड्यातून एखाद दिवस येणार. त्याच्या हाताखाली फायली सहा महिन्यांत लागत नाहीत, सहा वर्षांत लागतात.

पेठेतली_शाखा

कर्जांच्या भांडणात बँकेच्या स्वतःच्या जागा राहून गेल्या. ताळेबंदात 'जागा व इमारती' म्हणून जो आकडा असतो त्यावर कोणी नाचू नये. जुन्या शाखा बहुतेक पागडीच्या (मोठी रक्कम देऊन घेतलेली जुनी भाडेकरारी). पागडीची जागा विकता येत नाही, भाडेहक्क हस्तांतरित होतो, तोही घरमालकाच्या संमतीने आणि त्याचा हिस्सा देऊन. त्यातून बँक शेड्यूल्ड (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीतली) असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 3 मुळे तिला भाडेकरू म्हणून संरक्षणच नाही. घरमालक नोटीस देतो, बाजारभावाने भाडे मागतो, आणि अवसायक 'मालमत्ता' समजून जी जागा अडवून धरतो ती प्रत्यक्षात देणे वाढवत असते.

अशा जागांत सौदा पहिल्याच महिन्यात करायचा: रिकामी करून देतो, किती देता? शाखा चालू दिसते तोवर घरमालक काही रक्कम देतो. फर्निचर हलले, पाटी उतरली, की तो फक्त थांबतो. पण लॉकरधारकांना नोटिसा देऊन, न आलेल्यांचे लॉकर पंचांसमक्ष उघडून यादी केल्याखेरीज जागा रिकामी होत नाही, आणि हे काम नेहमी शेवटी आठवते. पोलादी तिजोरीच्या दाराचेही तसेच. भंगारात जे येते त्याहून ते चौकटीतून काढायला जास्त लागते, म्हणून सौद्यातच 'दारासह ताबा' लिहून टाकावे.

तारणगहाण

एकगठ्ठा की सुट्टी हे ठरवताना पैसे कोणाचे हे बघा. रुपीच्या वेळी रिझर्व्ह बँकेनेच सांगितले होते की 99 टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना विम्यातून पूर्ण रक्कम मिळेल. म्हणजे अवसायकाच्या वसुलीची वाट बघणारे दोनच: महामंडळ, आणि पाच लाखांवरचे. हे वरचे म्हणजे सगळेच धनदांडगे नसतात, त्यांत पतसंस्था, गृहनिर्माण सोसायट्या, देवस्थाने असतात. अवसायक आधी महामंडळाचे परत करतो, मग त्यांचा नंबर.

आता बघा, झटपट स्वस्तात विकले तर तोटा कोणाचा? महामंडळाचे तरीही बऱ्यापैकी फिटते, कारण ते रांगेत पुढे. सवलतीचा सगळा भार शेवटच्यांवर. जमाखर्च यांचे 60 लाख महामंडळाच्या दृष्टीने छान आहेत, पतसंस्थेच्या दृष्टीने शून्य असू शकतात.

जमाखर्च

हाच युक्तिवाद उलटाही फिरतो. रांगेत शेवटी उभा असलेल्याला दहा वर्षांनी मिळणारे पैसेही शून्याच्या जवळच. पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेचे ठेवीदार आठवा. तिथे अवसायन नव्हते, युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण झाले, तरी वैयक्तिक ठेवीदाराची मोठी ठेव पूर्ण मिळायला दहा वर्षांचे वेळापत्रक. अवसायनात तर वेळापत्रकही नाही.

तरी एक तडजोड मांडतो. खाती तीन ढिगांत. पहिला: शहरी तारण, मूळ कागद हातात, सेरसाई झालेली. ही सुट्टीच विका, अपसेट प्राईसचे सगळे प्रस्ताव एकाच दिवशी पाठवा म्हणजे मूल्यांकने एकेक करून शिळी होत बसणार नाहीत. दुसरा: शेतजमीन आणि भावकीतले तारण, तिथे सातबारा_उतारा यांच्या क्रमाने एकरकमी. तिसरा: विनातारण, बेपत्ता, कागद नसलेली. हा गठ्ठा रोखीत, मिळेल त्या भावात, पहिल्या वर्षातच. आणि नोटिशीत 'जसे आहे, जेथे आहे' एवढे लिहून हात झटकू नका. सोसायटी, वीज, मालमत्ता कर यांची थकबाकी आकड्यासह छापा, नाहीतर बोली लावणारा अंदाजाने जास्तच वजा करतो.

बोजा_नोंद

तिसऱ्या ढिगाला 'पहिल्या वर्षात' नाही. बिनकागदाची म्हणून टाकून दिलेली खाती बऱ्याचदा संचालकांच्या नात्यागोत्यातली असतात. सहकार कायद्याच्या कलम 88 ची (नुकसानीची जबाबदारी संचालकांवर निश्चित करणारी) चौकशी पुरी व्हायच्या आत ती चिल्लर भावात विकली, तर मूळ कागदपत्रे खरेदीदाराकडे जातात आणि जबाबदारी निश्चितीतला पुरावाही त्याच पोत्यात. उद्या तो खरेदीदार कोणाचा मेहुणा निघाला तर? आधी 88, मग तिसरा ढीग.

जमाखर्च

88 ची चौकशी संपेपर्यंत थांबायचे असेल तर तिसरा ढीग नातवंडांना विकायला ठेवा. फायलींच्या साक्षांकित स्कॅन प्रती चौकशी अधिकाऱ्याला द्या, मूळ कागद गरज लागेल तेव्हा हजर करण्याची अट विक्री करारात घाला, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना बोलीला बंदीचे प्रतिज्ञापत्र घ्या. थांबायची गरज नाही.

बोजा_नोंद

प्रतिज्ञापत्र मेहुणाही देतो.